चोपदाराची काठी आणि पाचवं प्रकरण

सन्माननीय अध्यक्ष, वार्डम विद्यापीठाच्या कुलगुरू माख्तेल्ट व्हान आइसिंगाबाई. ज्यांनी आत्ताच सत्कारमूर्तींच्या छातीवर राजाचं पदक टोचलं ते नगराध्यक्ष महोदय. काळे झगे आणि मखमली टोप्या घालून दोन्ही बाजूंना ओळीनं बसलेली प्राध्यापक मंडळी, लांबून तारेवरच्या कावळ्यांसारखी दिसताय, पण शोभून दिसताय. आजचे सत्कारमूर्ती प्राध्यापक डॉक्टर लुबर्ट रुल्फसेमा. मागच्या बाकांवरचे विद्यार्थी, जे भाषणांसाठी नाही तर नंतरच्या बिअरसाठी आलेत आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. आणि दारात चांदीच्या मुठीची काठी घेऊन उभा असलेला आपला चोपदार हार्म. तुम्हा सगळ्यांना रेन्स्के डाइकमाचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाखाली छापलंय, 'सत्कारमूर्तींच्या विद्यार्थिदशेतील घरमालकीण'. खरं आहे. कालव्याकाठी मासळीपुलाला लागून आमचं घर आहे. माझ्या आईनं, तिच्या आईनं, तिच्या आजीनं तिथं विद्यार्थी ठेवले आणि जेवू घातले. विद्यापीठाला चारशे वर्षं झाली म्हणतात, तर आमची चूलही काही कालची नाही. माझं स्वतःचं शिक्षण विचाराल तर सहावी. त्या वर्षी आईचा हात मोडला, धुण्याला माणूस हवं होतं, आणि शाळेला माझ्यावाचून काही अडलं नाही.

समितीच्या बाईंनी फोन केला. म्हणाल्या, "आजी, दोन गमतीदार आठवणी सांगा. हलक्याफुलक्या."

मी म्हटलं, "गमतीदार म्हणजे कशा?"

"सर तरुणपणी कसे होते, काय खायचे, असं काहीतरी गोड."

"आणि गोड नसलं तर?"

"आजी, थोडक्यात सांगा म्हणजे झालं."

त्यांनी हार्मलाही सांगून ठेवलंय, म्हातारी लांबली तर काठी आपट. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. मुलं इथं उभी राहून प्रबंधाचं समर्थन करतात, समोर हे कावळे प्रश्न विचारतात, आणि वेळ भरली की चोपदार आत येतो, काठी जमिनीवर आपटतो आणि लॅटिनमध्ये ओरडतो, 'होरा एस्त', म्हणजे वेळ झाली. मग तोंडात अर्धा शब्द असला तरी तो गिळायचा. राजा असला तरी गिळायचा. जगात बायकांच्या हाती अशी एक काठी असती तर किती संसार सुखाचे झाले असते.

तर गोड आठवण.

लुबर्ट आमच्याकडे आला तो शेतावरून, एक सुटकेस आणि दोन मोठाले कान घेऊन. आता त्याला 'अहो प्राध्यापक' म्हणायचं असतं. माझ्या स्वयंपाकघरात तो 'अरे लुबर्ट' होता, आणि माझी जीभ म्हातारी झालीय, तिला आता नवी वळणं लावता येत नाहीत. हुशार होता. वाचायचा फार. कप मात्र त्यानं आमच्या घरात एकदाही विसळला नाही. कप आपोआप स्वच्छ होतात असा त्याचा अभ्यास होता.

आपल्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायची रीत आहे. एक. मग डब्याचं झाकण लागतं. आमच्या घरीही तेच. एका रविवारी चर्चहून आले, पाद्रीबाबा सोबत होते, झाकण उघडलं. डबा काठोकाठ. पाद्रीबाबांनी एक उचललं आणि त्यांचं बोट खाली गेलं ते वर्तमानपत्रात. वर बिस्किटांचा एक थर आणि खाली कागदाचे बोळे.

मी विचारलं, "लुबर्ट, डबा कुणी उघडला?"

"कुठला डबा, रेन्स्केबाई?"

"घरात एकच डबा आहे."

"पण तो तर भरलेला दिसतोय!"

हसा, हसा. नगराध्यक्षही हसताहेत. सत्कारमूर्ती तर फार गोड हसताहेत, मान हलवताहेत, कशी आमची जुनी रेन्स्केबाई म्हणून. लुबर्ट, ते हसू जपून ठेव. पुढं लागेल.

आता दुसरी आठवण. तुझ्या स्वतःच्या प्रबंधाची, याच सभागृहातली. मी वर गॅलरीत बसले होते, आईचा कोट घालून. लुबर्टनं या विद्यापीठाच्या इतिहासावर लिहिलं होतं. कोण कुलगुरू कधी झाला, कुणी कुणाशी भांडण केलं, प्राध्यापकांना बिअरवरचा कर कसा माफ होता. तो माफ होणारच. पुरुष एकत्र जमले की सगळ्यात आधी पिण्याची सोय होते. जिथं आज आपण बसलोय ते मठातल्या बायकांचं प्रार्थनाघर होतं. त्यांना काढलं, बाक आत आणले आणि त्याला ज्ञान म्हटलं. हे लुबर्टनं लिहिलं नव्हतं, हे मी सांगतेय.

तर समोर प्रश्न विचारायला प्राध्यापक सिकेन्स उभे राहिले. गेले बिचारे. डोळ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. म्हणाले, "तरुण माणसा, इथं फ्रेंचांची सत्ता आली आणि त्यांनी हे विद्यापीठ बंद केलं. दारांना कुलपं घातली. काही वर्षांनी फ्रेंच गेले आणि दारं उघडली, तर पहिल्या दिवशी सकाळी बाकांवर विद्यार्थी बसलेले होते. अर्धवट शिकलेले, अर्धे प्रबंध हातात घेऊन. तुम्ही लिहिता, 'विद्यापीठ पुन्हा सुरू झालं.' मला सांगा, मधली वर्षं ही मुलं कुठं होती? त्यांना कोण शिकवत होतं? त्यांना जेवू कोण घालत होतं?"

लुबर्टचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाण्याबाहेर काढलेला मासा. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. म्हणाला, "अतिविद्वान विरोधक महोदय, या प्रश्नाचे उत्तर..." आणि धाड्! काठी. होरा एस्त.

तो वाचला. डॉक्टर झाला. त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन टेबलावर डोकं टेकून हसत सुटला. "रेन्स्केबाई, काठीनं लाज राखली! मला त्याचं उत्तर येतच नव्हतं."

मी म्हटलं, "मला येतं."

"तुम्हाला?"

"अरे, ती मुलं इथंच होती. तू बसलायस त्या टेबलाशी."

आणि मग मी त्याला आमच्या गेझीनाची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती आधीच माहीत आहे. का माहीत आहे, त्याच्याकडे मी येतेच.

गेझीना माझ्या आजीची आजी. फ्रेंचांचा हुकूम आला तेव्हा तिच्याकडे खोल्यांतून मुलं होती. प्राध्यापकांना सांगितलं घरी जा. मुलांना सांगितलं घरी जा. गेझीनाला कुणी काहीच सांगितलं नाही, कारण ती कोण? घरमालकीण. मग ती म्हणाली, "मला हुकूम आलेला नाही. माझं टेबल मांडलेलं आहे. ज्याला सूप हवं त्यानं बसावं, आणि ज्याला शिकवायचं त्यानं शिकवत बसावं. फक्त बोलताना चमचे वाजवू नका." आणि बसले की! कायद्याचा प्राध्यापक जळणाच्या पेटीवर बसायचा. वैद्यकीचा प्राध्यापक हिवाळ्यापूर्वी डुक्कर कापलं जायचं त्या दिवशी यायचा आणि मुलांना काळीज, यकृत, आतडी दाखवायचा. दाखवून झालं की गेझीना त्यांचे सॉसेज करायची. आमच्या शहराचे सगळे डॉक्टर असे घडले, आणि रोगीही टिकले.

आणि ही काठी. हार्म, जरा वर धर, सगळ्यांना दिसू दे. तेव्हाच्या चोपदाराला नोकरीवरून काढलं होतं. विद्यापीठाच्या वस्तू फ्रेंच गाडीत भरून नेत होते. हा चोपदार काठी कोटाखाली लपवून गेझीनाच्या मागच्या दारानं आला. गेझीनानं चांदीची मूठ काढली आणि खारवलेल्या कोबीच्या पिंपात बुडवली. लाकूड उरलं. लाकूड कुठं लपवायचं? जिथं कुणी पुरुष बघत नाही तिथं. धुण्याच्या कढईत. दर सोमवारी ती या काठीनं चादरी ढवळायची. फ्रेंच शिपाई झडतीला आला, तिच्या शेजारी उभा राहिला, तिनं त्याच्या अंगावर साबणाचं उकळतं पाणी उडवलं आणि काठी तशीच फिरवत राहिली. काठीचं खालचं टोक पांढरट आहे ना? सगळ्यांना वाटतं जमिनीवर आपटून आपटून रंग गेला. आपटून रंग जातो का? तो सोड्याच्या पाण्यानं गेलाय. डाइकमांच्या धुण्यानं.

ही गोष्ट मी लुबर्टला त्या संध्याकाळी सांगितली. त्यावर हा ताजा डॉक्टर काय म्हणाला ठाऊक आहे?

"रेन्स्केबाई, गोष्ट छान आहे. पण हे कुठं लिहिलेलं आहे का?"

मी म्हटलं, "धुण्याच्या कढईवर कोण लिहितं?"

"मग तो इतिहास नाही. त्या बायकांच्या गप्पा झाल्या."

बरं. गप्पा तर गप्पा. मी त्याचा कप उचलला आणि विसळला.

पाणी प्यायलास, लुबर्ट? पी. गरम होतंय इथं.

आता ज्यांना वाटतंय म्हातारीच्या दोन आठवणी झाल्या, आता ती खाली उतरेल, त्यांना सांगते, हार्मनं काठी आपटलेली नाही.

तिसऱ्या बाकावर खांबाआड एक मुलगी बसलीय. माझी नात फेना, माझ्या मुलाची मुलगी. ती सकाळपासून माझ्याकडे डोळे वटारून बघतेय. घरून निघताना म्हणाली, "आजी, फक्त बिस्किटांची गोष्ट सांग आणि खाली ये. वचन दे." मी म्हटलं, "बरं." आमच्या घरात 'बरं' म्हणजे वचन नव्हे, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं. फेना, खाली बघू नकोस. मान वर कर.

या फेनानं लहानपणी माझ्या मांडीवर बसून गेझीनाची गोष्ट इतक्यांदा ऐकली की शेवटी तीच मला दुरुस्त करायला लागली. मोठी झाली आणि याच विद्यापीठात इतिहास शिकली. मग म्हणाली, "आजी, मी घरमालकिणींवर प्रबंध लिहिते. चारशे वर्षं या विद्यापीठाला कुणी जेवू घातलं, कुणी धुतलं, कुणी लपवलं. आणि मी लुबर्टसरांकडेच करणार. ते आपल्या घरात राहिलेत, त्यांना कळेल."

मी म्हटलं, "त्याला कप कुठं जातो ते कळलं नाही, तुला वाटतं हे कळेल?"

ऐकते कुणाचं? लुबर्टनं तिला घेतलं. खूश झाला. आणि फेनानं, तुमच्या भाषेत सांगायचं तर, पुरावे काढले. चर्चच्या माळ्यावर, जुन्या वकिलांच्या अडगळीत, नाकातोंडात धूळ जाईपर्यंत. काठी तपासायला सुताराबरोबर लाकूड जाणणारी बाई आणली. तिनं टोक खरवडलं आणि सांगितलं, सोडाच. ज्या गोष्टीला हा 'बायकांच्या गप्पा' म्हणाला होता, ती माझ्या नातीनं त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली, पुराव्यासकट. तिच्या प्रबंधाचं ते पाचवं प्रकरण. नाव दिलं होतं, 'स्वयंपाकघरातलं विद्यापीठ'.

आता कळलं का मंडळी काही तुम्हाला? नगराध्यक्ष महोदय, तुम्ही हसायचं का थांबलात?

आपल्याकडे प्रबंधाच्या समर्थनाला मुलांच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी राहतात. त्यांना काहीतरी ग्रीक नाव आहे. मी त्यांना पाठराखीण म्हणते. पूर्वी म्हणे खरोखर मारामारी झाली तर मध्ये पडायला असायच्या. फेनानं मला विचारलं, "आजी, एका बाजूला तू उभी राहशील?" मी काळ्या लोकरीचा झगा शिवला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी नवीन कापड आणलं. तो कपाटात लटकवला. मग लुबर्ट म्हणाला, अजून एक प्रकरण हवं. तिनं लिहिलं. मग म्हणाला, प्रस्तावना पातळ आहे. तिनं दाट केली. मग म्हणाला, मला जरा निवांत वाचू दे. वाचतच राहिला. झगा मी एकदा आत घेतला, कारण मी वाळले. एकदा कसरीनं बाही खाल्ली, ती रफू केली. प्रबंधासाठी विद्यापीठ द्यायचं तो फेनाचा पगार संपला. आता ती स्टेशनाखालच्या सायकलतळावर लोकांच्या सायकली लावते. काम वाईट नाही, चाकं खोटं बोलत नाहीत. पण त्यासाठी तिला धूळ खायची गरज नव्हती.

आणि मग चारशे वर्षांचा सोहळा आला. आणि लुबर्टचा जाडजूड ग्रंथ आला.

तो स्वतः घेऊन आला माझ्याकडे. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नाही असं त्याला स्वतःला वाटतं. फुलं आणली. टेबलाशी बसला, त्याच खुर्चीवर. मी कॉफी दिली. एक बिस्किट दिलं. झाकण लावलं. म्हणाला, "रेन्स्केबाई, यात तुमच्यासाठी एक गंमत आहे. तुम्हाला फार आवडेल." आणि पुस्तक उघडून वाचायला लागला. पाचवं प्रकरण. 'स्वयंपाकघरातलं विद्यापीठ'. गेझीना, जळणाच्या पेटीवरचा कायदा, डुकराचं काळीज, कोबीच्या पिंपातली मूठ, सोड्यानं पांढरं झालेलं टोक. 'माझ्या संशोधनातून असे दिसून आले आहे की...'

माझ्याच टेबलाशी, माझ्याच आजीच्या आजीची गोष्ट, मलाच वाचून दाखवत होता. आणि वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले. मी कधी कुणाला स्वतःच्या चोरीवर असं गहिवरताना पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "यात फेनाचं नाव कुठं आहे?"

"आहे ना. मागं आभारात. बघा, 'आणि इतर अनेक विद्यार्थी सहायकांचे.'"

"त्यातली फेना कुठली? 'इतर' की 'अनेक'?"

"रेन्स्केबाई, तुम्हाला आमच्यातली पद्धत माहीत नाही. एका मोठ्या कामात कितीतरी हात असतात."

"हात असतात हे खरं. कुणाचा हात कुणाच्या डब्यात, ते मी विचारतेय."

त्यानं फेनाला काय सांगितलं, ते ऐका. मी हे घरी ऐकलं तेव्हा माझ्या हातातला पळा खाली पडला. तो म्हणाला, "फेना, आता अडचण अशी आहे की हे प्रकरण प्रसिद्ध झालंय. तुझ्या प्रबंधात ते तसंच राहिलं तर परीक्षक म्हणतील तू माझ्या ग्रंथावरून उचललंस. पण मार्ग आहे. ठेव ते. फक्त दर पानाखाली माझ्या ग्रंथाचा हवाला दे."

बघा. माझ्या नातीनं आमच्या घरची गोष्ट लिहायची आणि खाली टीप द्यायची, 'आधार: रुल्फसेमा'. आपल्याच आजीच्या आजीला लुबर्टच्या दारातून आत आणायचं, आणि तेही पायपुसण्यावर पाय पुसून! आयत्या बिळात नागोबा शिरतो म्हणतात. पण शिरल्यावर मुंगीकडे भाडं मागणारा नागोबा मी हा पहिलाच पाहिला.

नाही, कुलगुरूबाई, मी पाणी पिणार नाही. माझा घसा चांगला आहे. आणि प्राध्यापक मंडळींमध्ये जी कुजबुज चाललीय ती मोठ्यानं करा, आम्हीही ऐकू. मी इथून बघतेय, तुमच्यातले तिघंचौघं आपापल्या बुटांकडे बघताहेत. त्यांना हे आज कळलेलं नाही. त्यांना हे आधीपासून माहीत आहे. जेवणाच्या टेबलावर एकमेकांना सांगून झालंय. 'बिचारी मुलगी' म्हणूनही झालंय. विद्वान लोक अन्याय बघतात तेव्हा आधी त्याला चांगलं नाव शोधतात, आणि नाव सापडलं की त्यांना वाटतं काम झालं.

फेना मला म्हणाली होती, "आजी, तू तोंड उघडलंस तर माझा प्रबंध कायमचा अडकेल. त्यांच्या सहीशिवाय तो पुढं जात नाही." मी तेव्हापासून गप्प राहिले. मी गप्प राहणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा. पण आता काय होतंय? आज हा निवृत्त होतोय. पुढच्या महिन्यात फ्रान्सला जातोय, तिथं यानं द्राक्षवेलींच्या शेजारी दगडी घर घेतलंय. नियम म्हणतो, निवृत्तीनंतरही काही वर्षं याची सही चालते. म्हणजे तो तिथं उन्हात बसणार आणि फेनाचा प्रबंध त्याच्या टेबलावर कपाखाली बसणार. तो कप कोण उचलणार? मी आता उचलत नाही.

म्हणून मी आज इथं आले. काळा झगा घालून. हा झगा तुझ्या निरोपासाठी शिवलेला नाही, लुबर्ट. पण म्हटलं, पाठराखीण मारामारीसाठीच असते ना? मग प्रबंधाच्या दिवसाची वाट कशाला बघायची?

नगराध्यक्ष महोदय, मघाशी तुम्ही इथं उभं राहून म्हणालात की त्या ग्रंथातलं पाचवं प्रकरण वाचून तुमचे डोळे पाणावले, आणि त्याच प्रकरणासाठी म्हणून राजाकडे या पदकाची शिफारस केली. तुमचे डोळे पाणावले त्यात तुमची चूक नाही. गेझीना तशीच होती. तुम्ही फक्त चुकीच्या छातीवर टाचणी टोचलीत.

आता माझं मागणं. मला माफी नको. माफी हा फार बोलका प्रकार असतो आणि लुबर्ट तो फार छान करेल, रडेलही. मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. प्राध्यापक सिकेन्सांनी याच जागेवरून याला विचारलं होतं, ती मुलं कुठं होती, त्यांना जेवू कोण घालत होतं. तेव्हा काठी आपटली आणि हा सुटला. त्या उत्तरावर तो आज पदक लावून बसलाय. तर मी तोच प्रश्न थोडा पुढं नेते.

लुबर्ट, ते उत्तर शोधलं कुणी? पाचवं प्रकरण लिहिलं कुणी?

उभा राहा. प्रश्नाला उभं राहून उत्तर द्यायचं असतं, हे मी सहावीतसुद्धा शिकले होते.

हं. उभा राहिलास. तोंड उघडलंस. मासा अजून तसाच आहे.

आणि तू काय बघतोयस ते मला दिसतंय. दाराकडे बघतोयस. तुम्हीही सगळे बघा दाराकडे. हार्मच्या हातात काठी आहे. वेळही कधीच झालीय, समितीच्या बाई त्याला मघापासून मानेनं खुणावताहेत, मान मोडेल त्यांची. हार्म, तुला मी काहीही सांगणार नाही. तुझी नोकरी तुझी. तुला आपटायची असेल तर आपट, मी अर्ध्या शब्दावर गप्प बसेन. रीत म्हणजे रीत.

नाही आपटत तो.

लुबर्ट, हार्म काठी आपटत नाहीये. बघ, त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. हात मागं बांधले. मी या सभागृहात बरीच वर्षं वर गॅलरीत बसलेय, असं मी कधी बघितलं नव्हतं.

म्हणजे तुला भरपूर वेळ आहे. सावकाश सांग.

काय? मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही. माइक घे. नाही, 'आमच्या दोघांच्या चर्चेतून' असं मी विचारलेलं नाही. चर्चा तोंडानं होते, लिहिणं हातानं होतं. कुणाच्या हातानं?

ऐकलंत? मागं ऐकू आलं? तो म्हणाला, "फेनानं."

पूर्ण नाव. इथं लोक मरतानासुद्धा पूर्ण नावानं मरतात.

"फेना डाइकमानं लिहिलं."

झालं. एवढंच होतं. इतकी वर्षं तोंडात धरून बसला होतास, दात दुखले नाहीत?

कुलगुरूबाई, तुम्ही ऐकलंत. तुम्ही अध्यक्ष आहात, तुमच्या गळ्यात ती साखळी आहे. अध्यक्षांनी ऐकलं म्हणजे विद्यापीठानं ऐकलं. तुम्ही मान डोलावलीत ती मी होकार म्हणून धरते. डास हाकलायला हलवली असेल तर आत्ता सांगा. नाही? मग ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त होईल, परीक्षकांना पत्र जाईल, आणि फेनाला आपल्याच आजीकडे जायला टीप लागणार नाही. हा झगा मी आता कपाटात परत ठेवणार नाही, खुंटीवर ठेवते, बाहेर. लवकर लागेल.

फेना, रडायचं असेल तर घरी. इथं मखमल आहे, डाग पडतात.

समारोप करते. समितीनं मला बोलवलं त्याबद्दल आभार. बोलवण्याआधी जरा विचारपूस करायला हवी होती, पण ते तुमचं तुम्ही बघा. नगराध्यक्षांचे आभार, त्यांनी मध्येच उठून जायचा विचार केला आणि बदलला. बुटांकडे बघणाऱ्या प्राध्यापकांचे आभार, बूट छान आहेत. लुबर्ट, तुझेही. उशिरा का होईना, एक कप तू स्वतः विसळलास. फ्रान्समध्ये सुखी राहा. तिथं द्राक्षं स्वतः तोड.

मी अडाणी बाई. बोलताना माझं काही चुकलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर माझ्या वयाकडे बघून मोठ्या मनानं माफ करा. दुसऱ्या कुणाचं काही चुकलं असेल, तर त्याची माफी माझ्याकडे मागू नका, तिसऱ्या बाकावर मागा.

हार्म, आता घे ती काठी आणि आपट. जपून हं, ती आमच्या घरची आहे.